शेळीचे दूध आणि गायरानाचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या माणसाने शेळीच्या चाऱ्यावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या दारात, बहुधा बायकांच्याच देखरेखीखाली, बांधलेल्या आहेत. ज्या घरात जमीन नाही त्या घरातील एवढेच काय ते भांडवल. त्याच्या उत्पादनाचा कस कशावर ठरतो, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

शेळीच्या दुधाचे गुणगान गांधीजींच्या काळापासून चालत आले आहे. ते सर्वच खरे मानू नये. या दुधात फॉलिक आम्ल अत्यल्प असते. केवळ त्यावर वाढविलेल्या तान्ह्या मुलांना रक्तक्षय होतो, हे युरोपातील डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच नोंदविले होते. शेळीच्या चाऱ्यात बदल करून ही उणीव भरून निघत नाही. म्हणून वर्षाच्या आतील मुलाला आईचे दूध, आणि पुढे शेळीच्या दुधाच्या जोडीला डाळ व पालेभाजी, हे घरोघर सांगितले पाहिजे. दूध उकळून घ्यावे, हेही.

मग चाऱ्याने बदलते काय? दुधातील साखर आणि कॅल्शियम जवळजवळ बदलत नाहीत. चारा अपुरा पडला तर शेळी आपली हाडे झिजवून कॅल्शियम पुरविते. बदलते ती मुख्यतः स्निग्धांशाची जात आणि त्यात विरघळणारी जीवनसत्त्वे. हिरव्या पाल्यातील कॅरोटीनचे शेळी अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. म्हणूनच तिचे दूध गाईच्या दुधासारखे पिवळसर न दिसता पांढरेशुभ्र दिसते. पांढरे म्हणून ते निकृष्ट नव्हे. पाल्यावर चरणाऱ्या शेळीच्या दुधात ओमेगा-३ जातीची मेदाम्लेही अधिक सापडतात. नुसत्या कडब्यावर उन्हाळा काढणाऱ्या शेळीच्या दुधात यांपैकी थोडेच उतरते. म्हणजे ज्या महिन्यांत घरातील मुलांच्या ताटात भाजी नसते, त्याच महिन्यांत दूधही हिणकस होते.

उपाय महागडे नाहीत. शेवरी, हदगा, बोर यांचा पाला, बाभळीच्या शेंगा. सुबाभूळही चालते, मात्र तिच्यातील मिमोसीन या विषारी द्रव्यामुळे एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. पावसाळ्यानंतरचा पाला सावलीत वाळवून ठेवावा, उन्हात कॅरोटीन नष्ट होते. घाण्याच्या जवसाच्या पेंडीत राहिलेल्या तेलाचा गुण दुधात उतरतो. आयोडीनयुक्त मीठ दिल्यास आयोडीन दुधात येते. मात्र लग्नाच्या पंगतीतील उरलेला भात आणि पोळ्या शेळीपुढे ओतण्याची आपल्याकडील दानशूरता घातक आहे. त्याने पोटात आम्ल साचून धडधाकट शेळी एका रात्रीत दगावते.

पण हा पाला आणायचा कोठून? बागायतदाराला बांधावर शेवरी लावता येते. भूमिहीनाला बांध कोठला? तिची शेळी चरते ती गायरानावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला. अर्धा ते दीड लिटर दूध देणाऱ्या उस्मानाबादी शेळीचा सारा हिशेब फुकटच्या पाल्यावर उभा आहे. पोत्यातले पशुखाद्य विकत घ्यावयाचे म्हटले की तो कोसळतो. म्हणून दुधाचा कस वाढवा असे सांगत खाद्याची पोती वाटणाऱ्या योजना मला उलट्या टोकाने सुरू झालेल्या वाटतात. पोते दोन महिन्यांत संपते. पाणलोटाच्या कामांबरोबर आलेल्या चराईबंदीने डोंगर हिरवे झाले, हे मी नाकारीत नाही. त्या हिरवाईची किंमत मात्र पुष्कळ ठिकाणी शेळीवाल्या बायकांनी मोजली, आणि ती कोणत्याही अहवालाच्या जमाखर्चात आली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. येथे आपण सावध असले पाहिजे. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा आपण सांगतो. मराठवाड्यात गायरान कसणारा दलित आणि गायरानावर शेळी चारणारी बाई हे बहुधा एकाच वस्तीत, कधी एकाच घरात राहतात. पहिल्याला हुसकावून दुसरीचे भले होणार नाही. न्यायालयानेही भूमिहीनांच्या व अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांचा अपवादात्मक विचार होऊ शकतो, असे म्हटले आहे. तेव्हा मागणी करावयाची ती धनिकांनी बळकावलेली व खाणींनी पोखरलेली जमीन परत घेण्याची, आणि शिल्लक आहे तेथे पाल्याची झाडे लावण्याची.

पुढील ग्रामसभेपूर्वी आपापल्या गावचे गायरान कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे महसुली दप्तरातून काढून आणा. झाडे कोणती लावावीत हे शेळ्या राखणाऱ्या बायकांना विचारा. वनखात्याच्या रोपवाटिकेला नंतर विचारता येईल. आणि रोपे तीन वर्षे जगेपर्यंत चराईला कोणता तुकडा मोकळा राहील, हे त्याच सभेत ठरवून घ्या.