भोंकांची भाषा

सोलापूरची चादर ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. तिच्यावरील फुलें व वेली सर्वांच्या ओळखीच्या; परंतु त्या विणण्याची आज्ञा मागाला कोणत्या भाषेंत दिली जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ती भाषा भोंकांची आहे.

फ्रान्समधील लिओं शहरच्या जोसेफ मारी जाकार यानें १८०४ च्या सुमारास ती प्रचारांत आणली. सोलापुरी चादरीचा माग त्याच्याच नांवानें, 'जेकार्ड' म्हणून, ओळखला जातो. चौकटीच्या कागदावर नक्षी काढावयाची व कागदाच्या एकेका ओळीसाठीं पुठ्ठ्याचा एकेक पत्ता करावयाचा. भोंक असेल तेथें सुई आरपार जाते व ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोंक नसेल तेथें सुई मागें सरते व धागा खालींच राहतो. मधून धोटा धांवला कीं एक ओळ पुरी. पत्त्यांची ओवलेली माळ बदलली, कीं माग तोच, पण नक्षी दुसरी.

संगणकाचें बीज तें हेंच. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यानें १८३० नंतरच्या दशकांत आपल्या गणनयंत्रासाठीं असेच पत्ते योजिले. आलेलें उत्तर पाहून पुढचा पत्ता यंत्रानेंच निवडावा, ही सोय त्यानें अधिक कल्पिली. मागाला अशी निवड करतां येत नाहीं. तें यंत्र पुरें झालें नाहीं. तथापि १८४३ सालीं एडा लव्हलेस हिनें त्याची तुलना जाकारच्या मागाशींच केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकालाही आज्ञा मिळत त्या छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून.

विद्युत्-जेकार्डाला मात्र पत्ते लागत नाहींत. नक्षी संगणकांतून थेट मागाकडे जाते. मग जुनी माळ अडगळींत पडते, नाहींतर रद्दींत जाते. तिच्याबरोबर भोंकांच्या रांगा पाहून नक्षी ओळखणारा डोळाही जातो. एक भोंक चुकलें तर चादरीवर तोच दोष पुन्हा पुन्हा कोठें उमटेल, हें सांगणारा अनुभवही जातो. विसरलेल्या संगणकभाषा हुडकण्यासाठीं जिज्ञासू लोक दूरदेशींचीं संग्रहालयें धुंडाळतात. तेलंगणांतून येऊन सोलापुरांत वसलेल्या पद्मशाली विणकरांनीं तशीच एक भाषा पिढ्यान्‌पिढ्या हातांनीं चालविली.

ती राखण्यास फार खर्च नको. नक्षीचा कागद, त्यावरून पाडलेली पत्त्यांची माळ आणि तिच्यावर विणलेली चादर, हीं तिन्हीं एकत्र जपून ठेवावींत. एकटी माळ पुढें कोणास उलगडणार नाहीं. तिन्हीं शेजारीं असलीं, तर शंभर वर्षांनींही ती भाषा वाचतां येईल.