ऊब वाढली, वलयं आकसली



अलास्कातल्या फेअरबँक्सभोवतीच्या टेकड्यांवर पांढऱ्या स्प्रूसचं रान आहे. हिवाळ्यात तिथे पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम 300 मिलिमीटर पाणी पडतं. एवढ्या थंडीत झाडाला उणीव असणार ती उबेची, हवा तापली की ही जंगलं जोमानं वाढतील आणि जगाचा कार्बन पोटात घेतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. 2000 साली व्हॅलरी बार्बर, ग्लेन जुडे आणि ब्रूस फिनी या अलास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये या समजुतीला धक्का दिला. त्यांनी तपासलेल्या झाडांत विसाव्या शतकात उन्हाळा जितका गरम, तितकं खोडातलं त्या वर्षाचं वलय अरुंद होतं.

हे त्यांनी नुसत्या वलयांच्या रुंदीवरून ठरवलं नाही. लाकडाची घनता मोजली, त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाणही पाहिलं. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. मग आत येणारा कार्बन डायऑक्साइडही घटतो आणि एरवी मागे टाकला जाणारा जड कार्बन-13 लाकडात जास्त उतरतो. तापलेल्या उन्हाळ्यांच्या वलयांत ही खूण उमटलेली होती. झाडांची वाढ रोखली होती ती तहानेनं.

या निष्कर्षामागची मेहनत बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. छातीच्या उंचीवर खोडात पोकळ गिरमिट फिरवत आत न्यायचं आणि पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढायची. ती लाकडी खाचपट्टीत चिकटवून, अधिकाधिक बारीक पॉलिशपेपरनं पेशी स्पष्ट दिसेपर्यंत घासायची. वसंतातलं फिकट, सैल लाकूड आणि उन्हाळ्याच्या अखेरीचं गडद, दाट लाकूड मिळून एक वर्ष होतं. पण नुसती वलयं मोजून भागत नाही. फार कठीण वर्षी झाड काही ठिकाणी वलय धरतच नाही, म्हणून शेजारच्या अनेक झाडांच्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाचं साल पक्कं करावं लागतं. ॲरिझोनात ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यावरच्या डागांच्या शोधात ही जुळणी रूढ केली. वलयांच्या सगळ्या शास्त्राचा पाया तीच आहे.

पाया पक्का असला की दाखले किती नेमके मिळतात, हे 1783 सालावरून कळतं. त्या वर्षी आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला; अशा उद्रेकाच्या धुरक्यानं ऊन अडून उन्हाळा थंड पडू शकतो. वायव्य अलास्कातल्या इनुइट लोकांच्या परंपरेत उन्हाळाच न आलेल्या एका वर्षाची, उपासमारीत माणसं गेल्याची कथा चालत आली आहे. गॉर्डन जॅकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्प्रूसमधलं 1783 चं वलय तपासलं. त्यातलं उन्हाळ्याच्या अखेरीचं लाकूड विलक्षण विरळ निघालं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेली आठवण आणि खोडातली नोंद एकाच सालाशी येऊन भेटल्या.

मग हा साक्षीदार अलीकडच्या काळात अडखळतो का? स्वित्झर्लंडच्या फ्रित्झ श्वाइनग्रुबर यांनी उत्तर गोलार्धात तीनशेहून अधिक ठिकाणांहून सूचिपर्णी झाडांचे नमुने जमवले होते. त्यांच्या आधारे 1998 साली कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दीर्घकाळ उन्हाळ्याच्या तापमानाबरोबर चालणारी लाकडाची घनता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडू लागली. तापमानाचा आलेख वर गेला, झाडांचा तसा गेला नाही. तहान, बर्फ उशिरा वितळणं, वातावरणातल्या धुळीनं घटलेला सूर्यप्रकाश अशी अनेक कारणं सुचवली गेली. एकाच कारणानं सगळा उत्तरेकडचा पट्टा समजत नाही.

ब्रिफांनी ही विसंगती शोधनिबंधात उघडपणे मांडली होती. मात्र जागतिक हवामान संघटनेच्या 1999 च्या अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या आलेखात ती दिसत नव्हती. 2009 साली ब्रिफांच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले ईमेल चोरीला गेले तेव्हा याच मुद्द्याचं भांडवल झालं. पुढच्या वर्षी सर म्युर रसेल यांच्या चौकशी समितीनं संशोधकांच्या प्रामाणिकपणाला निर्वाळा दिला, पण तो आलेख दिशाभूल करणारा असल्याचंही नोंदवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही इथे बोलायलाच हव्यात. अडचणीची रेघ आलेखातून वगळली की जंगलाचं म्हणणंच वगळलं जातं. कारण 1998 ची ती विसंगती हीच झाडांच्या बदलत्या प्रतिसादाची सर्वांत मोलाची बातमी होती.

हा प्रतिसाद एकसारखा नाही. मार्टिन विल्मकिंग आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या वृक्षरेषेवरची 1,558 स्प्रूस झाडं तपासली. त्यातल्या 40 टक्क्यांची वाढ गरम जुलैनं खुंटली होती, 36 टक्क्यांची वाढ उबदार वसंतानं सुधारली होती. उरलेल्यांचा हवामानाशी ठळक संबंधच लागला नाही. एकाच डोंगरउतारावर शेजारी उभी असलेली झाडं अशी वेगळी वागत असतील, तर त्यांची सरसकट सरासरी काढून हाती काय लागणार? कॅनडाच्या क्वेबेकमध्ये पाऊस पुरेसा असल्यानं चित्र निराळं आहे. 2016 साली तिथल्या काळ्या स्प्रूसच्या अभ्यासात सुमारे 49 अक्षांशाच्या उत्तरेला ऊब वाढीच्या पथ्यावर पडते, दक्षिणेला मारक ठरते, असं दिसलं.

ऊब आणखी एका वाटेनंही झाडांना गाठते. अलास्काच्या केनाई द्वीपकल्पात 1990 च्या दशकात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी लाखो एकरांतला स्प्रूस मारला. उबदार उन्हाळ्यांत त्यांचं दोन वर्षांचं जीवनचक्र एका वर्षात पुरं होतं. एडवर्ड बर्ग यांनी या भुंगेऱ्यांच्या जुन्या साथीही वलयांतूनच शोधल्या: मोठी झाडं मेली की खाली सावलीत अडकलेल्या लहान झाडांना ऊन मिळतं आणि त्यांची वलयं अचानक रुंद होतात.

आपल्याकडे वलयांतली पाण्याची भाषा वाचणारं काम झालेलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या हेमंत बोरगावकर यांच्या गटानं केरळच्या सागवानातून 523 वर्षांची वलयनोंद उभी केली आणि तिच्यात मान्सूनच्या दुष्काळाच्या खुणा शोधल्या. उत्तरेच्या अभ्यासकांना आज झाडांच्या तहानेचा तोच प्रश्न पडला आहे. तेव्हा या दोन परंपरांचा एकमेकींशी संवाद वाढायला हवा.

आणि एक काम तातडीचं आहे. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे. वलयांच्या अनेक जुन्या नोंदी मात्र विसावं शतक सरण्याआधीच थांबतात. शिवाय तापमानाची खूण ठळक मिळावी म्हणून नमुने घेताना बहुधा थंड कडेवरची, म्हातारी झाडं निवडली गेली. त्या ठिकाणी पुन्हा जाऊन गिरमिट लावायला हवं. या खेपेला निवड न करता साधी, मधल्या वयाची, उतारावरची आणि दलदलीतलीही झाडं घ्यायला हवीत. जंगल किती कार्बन धरून ठेवतं, हे त्यांच्याच खोडांवर ठरणार आहे.