खडशीचें घर

गोड्या पाण्यालाहि किनारा असतो, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. पुण्याच्या पश्चिमेस मुळशीच्या तलावाचा नागमोडी कांठ डोंगरांच्या कुशींत दूरवर पसरलेला आहे. मुळा व निळा या नद्यांचें पाणी टाटांच्या धरणानें येथें अडविलें आणि बोगद्यानें सह्याद्रीखालीं भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळविलें. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं केलेला सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. बुडणाऱ्या जमिनींचा हिशेब त्या लढ्यानें जगापुढें मांडला. नदीच्या पोटांतील जीवांचा हिशेब मात्र कोणी विचारला नाहीं.

तो हिशेब वास्तविक पूर्वींच सुरू झाला होता. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत सांपडणाऱ्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं केलें आणि त्याला ‘खुद्री’ हें नांव दिलें. हीच आपली खडशी, दख्खनचा महसीर. कोळ्याच्या तोंडचा शब्द लॅटिन नामावळींत जाऊन बसला, हा मान थोड्याच माशांना मिळाला असेल! पुढें १९४२ मध्यें पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली गेली. पुण्यांतील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनीं २००३ च्या सुमारास पुन्हा जाळीं टाकून ताळा पाहिला, तेव्हां जुन्या यादींतील कित्येक नांवें मिळालीं नाहींत. तिलापियासारखे परके पाहुणे मात्र मिळाले.

खडशीची अडचण निराळी आहे. पावसाळ्यांत ती प्रवाहाविरुद्ध चढते आणि खळाळत्या पाण्यांत, खडीच्या तळावर अंडीं घालते. धरणाची भिंत तिची वाट अडविते. यावर उपाय निघाला तो लोणावळ्याजवळ वळवण येथें. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं पक्व मादीचीं अंडीं हलक्या हातानें काढून, त्यांचें फलन करून, तीं वाहत्या पाण्यांत उबविण्याची रीत अभ्यासिली व १९७१ मध्यें तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. टाटांच्या तेथील केंद्रांतून खडशीचीं पिलें निरनिराळ्या प्रांतांच्या नद्यांत गेलीं. कावेरींतहि गेलीं.

आणि येथें कथेला वळण लागलें. मुळा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. कावेरीशीं या पाण्याचा संबंध नाहीं. कावेरींत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. इंग्लंडमधील बोर्नमाउथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गळानें मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. त्यांत पाहुण्या खडशीची संख्या चढत गेलेली आणि घरधनी मात्र नाहींसा होत चाललेला दिसला. हा निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या घरधन्याला शास्त्रीय नांव कोणतें, हा प्रश्न २०१८ मध्यें सुटला. त्या लेखाच्या कर्त्यांत पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेचे नीलेश डहाणूकर, केरळच्या मत्स्यविद्यापीठाचे राजीव राघवन आणि कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठाचे अभ्यासक होते. नांव ठरलें तेव्हां कुठें त्या माशाची गणना अतिसंकटग्रस्तांत होऊं शकली. पिलें सोडणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. पण मासा कोणत्या नदीचा, हें विचारावयाला त्या वेळीं नदीकांठीं कोणी बसलेलें नव्हतें.

अमेरिकेंत १९६६ च्या कायद्यानें विद्यापीठें किनाऱ्यांशीं जोडण्यांत आलीं. समुद्रकिनाऱ्यांबरोबर तेथील विशाल गोड्या सरोवरांचे कांठहि त्या योजनेंत आले. संशोधन, शिक्षण आणि कांठच्या लोकांना सल्ला, हीं तिन्हीं कामें तेथें एकाच छत्राखालीं चालतात. पुण्याजवळ विद्यापीठ आहे, संशोधनसंस्था आहेत, महाविद्यालयें आहेत आणि तलाव तर दोनएक तासांच्या वाटेवर आहे. एखाद्या शनिवारीं विद्यार्थ्यांची तुकडी येऊन बाटल्यांत पाणी भरून नेते, एवढ्यानें खडशीचें कोडें सुटणार नाहीं. तिच्या चढणीचे ओढे कोणते, हें ओळखावयाला मृगापासून हस्तापर्यंत कोणी तरी कांठावर राहिलें पाहिजे. आणि नोंदवही ठेवावयाची ती जाळें टाकणाऱ्या गांवकऱ्याच्या हातानें ठेवली पाहिजे. कावेरीचें सत्य अखेर अशाच वह्यांतून निघालें. मुळशीच्या ओढ्यांना पहिला पूर जूनमध्यें येतो. वहीचें पहिलें पान त्याच दिवशीं लिहितां येईल.