स्मृतिनाणी : छंद की गुंतवणूक ?

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात एक वयोवृद्ध गृहस्थ आले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. पिशवीतून त्यांनी एक मखमली डबी काढून माझ्या मेजावर ठेवली. तीत भारत सरकारच्या टाकसाळीने पाडलेले, आरशासारखे लखलखणारे एक स्मृतिनाणे होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून गुरुजींनी अशी नऊ नाणी घेतली होती. "साहेब, नातीच्या लग्नापर्यंत यांचे किती होतील ?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही. माहिती अधिकाऱ्याजवळ माहिती नसावी याचा संकोच वाटून मी या विषयाची थोडी विचारपूस केली. तीच आज आपणांपुढे मांडीत आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मृतिनाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले. ते एक रुपया व पन्नास पैसे अशा दोन मूल्यांचे होते आणि रोजच्या व्यवहारातून हातोहाती फिरले. पुढे १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे रुपेरी नाणे आले. त्याचे वजन १५ ग्रॅम व त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. तेव्हा चांदीचा भाव किलोला पाचशे रुपयांच्या आसपास होता. अर्थात दहा रुपयांच्या नाण्यात सहा रुपयांची चांदी होती. माझ्या वडिलांनी ते बँकेतून घेतले व देवघरातील डब्यात ठेवले. लाखो घरांतून असेच झाले असावे. आज पन्नासाहून अधिक वर्षांनी त्या नाण्याची किंमत विचारली, तर व्यापारी प्रथम त्यातील चांदीचाच हिशेब करतो. नाणे जुने झाले, परंतु दुर्मिळ झाले नाही.

यातच या प्रश्नाची खरी मेख आहे. एखादे नाणे दुर्मिळ होते ते बहुतेकांनी त्याची पर्वा न केल्यामुळे. ते झिजते, हरवते, मुशीत जाते आणि उरलेल्या थोड्यांना मोल चढते. संग्रहासाठी म्हणूनच पाडलेले नाणे मात्र पहिल्या दिवसापासून कापसात गुंडाळून ठेवले जाते. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू वीस वर्षांनी सर्वांच्याच घरी सुस्थितीत सापडणार. मग ती विकत घेणार कोण ?

आपल्याकडील शिवराईचेच पहा. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवकालानंतरही दीर्घकाळ पाडले गेले व गावोगावच्या बाजारात चालले. शतके उलटली तरी सर्वसाधारण शिवराई आजही थोडक्या पैशांत मिळते. उलट शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकाच शिल्लक आहे आणि त्याचे मोल सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचे आहे. दोन्ही नाणी एकाच राजाची आहेत. तेव्हा केवळ वयाने किंवा थोर नावाने किंमत येत नाही.

अलीकडच्या नाण्यांविषयी हिशेब अधिक कठोर आहे. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाप्रीत्यर्थ २०२३ मध्ये ७५ रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन ३५ ग्रॅम व त्यात चांदी निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्या वर्षीच्या भावाने ही चांदी बाराशे-साडेबाराशे रुपयांची होत होती. टाकसाळीची विक्रीकिंमत मात्र काही हजारांत होती. यात टाकसाळीने फसवले असे मुळीच नाही. घासून चकचकीत केलेले ठसे, काळजीने पाडलेली नाणी, वेष्टन व डबी यांचा खर्च असतो आणि किंमत आधी जाहीर केलेली असते. परंतु धातूपेक्षा जास्त दिलेली ही रक्कम पुन्हा हाती येईल असे कोणी वचन दिलेले नसते. पुढे २०२५ मध्ये चांदी झपाट्याने महागली व अशा नाण्यांनाही वर चढता आले. पण ती पुण्याई चांदीची. निव्वळ चांदीच हवी असेल तर सराफाकडील तुकडा स्वस्त पडतो.

परदेशातही हाच अनुभव आला. अमेरिकेतील फ्रँकलिन मिंट या खाजगी कंपनीने १९७० च्या दशकात चांदीची पदके संच-संच करून वर्गणीदारांना विकली. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोचली, तेव्हा त्यांतील पुष्कळशी पदके सरळ वितळविण्यात आली. कलाकुसरीचे पैसे कोणी देईना, चांदीचे मिळत होते.

आता याच विषयाची दुसरी बाजू, जी पंचायत सदस्यांच्या विशेष कानावर घातली पाहिजे. माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच व दहा रुपयांचे नाणे आपल्या सर्वांच्या हातून गेले असेल. या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशी आवई मोबाइलवरून उठते. घरातील बाई किंवा शाळकरी मुलगा त्या क्रमांकावर फोन करतो, पलीकडचा रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतो आणि 'नोंदणी शुल्क' म्हणून आधी पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर पत्रक काढून स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही व त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. हे पत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही.

शेतात नांगरटीला जुनी नाणी लागली तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. आणि कृपा करून ती चिंचेने घासू नयेत. आपल्या घरोघरी तांब्याच्या भांड्यांना लाभणारी ही सेवा नाण्यांवरचे अक्षर व जुनी झाक दोन्ही घालविते.

म्हणजे नाणी घेऊच नयेत काय ? शिक्षकांना मी उलटच सांगेन. शिवछत्रपतींचे १९९९ चे दोन रुपयांचे, लोकमान्य टिळकांचे २००७ चे पाच रुपयांचे, डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे ही चलनातून आलेली नाणी आहेत. वर्गातील मुलांनी घरच्या डब्यांतून शोधून आणली तर जेवढ्याची तेवढ्यात वर्षभराचा संग्रह होतो. वर्षाच्या आकड्याखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसली तर ते नाणे मुंबईच्या टाकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे. खूण नसेल तर कलकत्त्याचे. एवढ्या माहितीवर मुले तासभर रमतात, हे मी पाहिले आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. सहलीच्या मार्गात ती जरूर घ्यावी.

गुरुजींना मी हे सर्व सांगितले. ते शहरात जाऊन दोन व्यापाऱ्यांकडे विचारून आले. दोघांनीही डबीचा व चकाकीचा भाव न धरता चांदी तोलली. सात नाणी त्यांनी विकली, थोडी तूट सोसली आणि ती रक्कम डाकघरात नातीच्या नावे ठेवली. दोन नाणी मात्र घरी आहेत. ती का ठेवली, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "साहेब, ती मला आवडतात."