घरखर्चांतील रोख आणि कार्ड

एकच दुकान, एकच वस्तु आणि एकच किंमत. ती किंमत दोन तऱ्हांनीं देतां येते. खिशांतून पांचशें रुपयांची नोट काढून दुकानदाराच्या हातीं ठेवावी, किंवा कार्ड यंत्रांत सरकवून चार गुप्त आंकडे दाबावे. दोन्ही रीतींनीं वस्तु आपली होते आणि दुकानदाराला त्याचे पैसे मिळतात. मग भेद तो काय उरला? पुष्कळांना वाटतें कीं, भेद केवळ संवयीचा आहे. जुन्या वळणाच्या माणसांनीं नोटा मोजाव्या आणि नव्या वळणाच्या माणसांनीं कार्ड दाखवावें, इतकेंच. मला हा भेद याहून खोल वाटतो. रोख पैसा खर्चाच्या आधीं विचार करावयास लावतो. कार्ड खर्चाच्या नंतर हिशेब दाखवितें. या दोन निरनिराळ्या शक्ति आहेत, आणि नीट चालणाऱ्या संसाराला दोहोंचीही गरज लागते. एकीच्या भरीस पडून दुसरीला घराबाहेर काढलें तर काय होतें, याचा आज थोडा विचार करूं.

रोकडीवांचून व्यवहार करणें ही कांहीं आजची नवलाई नव्हे. मोठी रक्कम वाटेंत लुटली जाऊं नये म्हणून आपले पूर्वज ती सावकाराच्या हुंडीनें परगांवीं पाठवीत. दर्शनी हुंडी दाखवितांच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशीं वटे. घरखर्चापुरतें म्हणाल तर वाण्याकडील उचापत होतीच. महिनाभर किराणा आणावा, वाण्यानें तो वहींत मांडून ठेवावा आणि पगार झाला कीं सारी बाकी एकदम चुकती करावी. श्रोतेहो, आजचें क्रेडिट कार्ड म्हणजे तत्त्वतः ही उचापतच होय. मात्र एक मोठें अंतर आहे. वाणी आपल्याला ओळखत असे. बाकी फुगली तर तो चार शब्द बोले, आणि पुढल्या महिन्यांत माल देतांना हात आखडता घेई. कार्ड देणारी बँक आपलें तोंड पाहत नाहीं. उलट, जो दरमहा थोडें भरतो आणि बरेंचसें थकवितो, त्याच्याच व्याजावर तिला चांगली मिळकत होते.

या कार्डाचा जन्म अमेरिकेंतला. सन १९५० मध्यें न्यूयॉर्क शहरीं डायनर्स क्लब निघाला. त्याचें पुठ्ठ्याचें कार्ड दाखवून सभासदाला ठराविक उपाहारगृहांत जेवतां येई व मागाहून सर्वांचें मिळून एकच बिल भरावें लागे. तेथें उधारी थोड्या मुदतीची होती. सन १९५८ मध्यें बँक ऑफ अमेरिका या पेढीनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो या गांवीं सुमारें ६०,००० कार्डें, कोणीं मागितलेलीं नसतां, टपालानें घरोघर धाडलीं. आणि त्यांवरील देणें थोडें थोडें करून पुढें ढकलण्याची मुभा ठेविली. त्याच कार्डाला पुढें व्हिसा हें नांव मिळालें. आपल्याकडे कार्डें आलीं तीं प्रथम मोजक्या सुखवस्तु लोकांपुरतीं. सन २०१२ मध्यें रूपे हें देशी कार्ड निघालें आणि सन २०१६ मध्यें यूपीआय आलें. आज कोपऱ्यावरचा भाजीवालाही क्यूआर कोडाची पाटी टांगून बसतो. यूपीआयमध्यें कार्ड डोळ्यांना दिसत नसलें, तरी बहुधा पैसा तत्क्षणीं आपल्या खात्यांतूनच जातो. म्हणून त्याची गणना डेबिट कार्डाबरोबर करावयास हरकत नाहीं.

आतां रोकडीची पहिली शक्ति पाहूं. सन २००१ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन अध्यापकांनीं एका प्रयोगाची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांनीं बास्केटबॉलच्या सामन्याचीं तिकिटें विद्यार्थ्यांपुढें लिलावास मांडलीं. कांहींना सांगितलें कीं, बोली लागल्यास पैसे रोख द्यावे लागतील. इतरांना सांगितलें कीं, ते कार्डानें द्यावे लागतील. तिकिटें तींच, सामना तोच. पण कार्डानें पैसे देणारांची सरासरी बोली रोख देणारांच्या जवळजवळ दुप्पट झाली. एका प्रयोगावरून सर्व माणसांचा स्वभाव ठरवूं नये हें खरें. तरीपण यांत जें दिसलें तें आपल्या भाषेला पूर्वींच ठाऊक होतें. आपण शंभराची नोट मोडतों, आणि अडचणीच्या वेळीं दागिनाही मोडतों. दोहोंना क्रियापद एकच. अखंड वस्तूचा भंग करतांना मनाला जो सूक्ष्म चटका बसतो, तो त्या शब्दांत उतरला आहे. मोडलेल्या नोटेची चिल्लर संध्याकाळपर्यंत कोठें गेली हें कळत नाहीं, हेंही आपण अनुभवानें जाणतों, आणि म्हणूनच नोट मोडण्यापूर्वीं क्षणभर थांबतों. कार्ड मात्र कधीं मोडत नाहीं. दुकानांत शिरतांना तें जेवढें होतें तेवढेंच बाहेर पडतांना असतें. मनाला कसलीच इजा न होतां पैसा जातो, यांतच त्याची सोय आहे आणि यांतच त्याचा धोका आहे.

हा धोका किती मोठा होऊं शकतो हें आंकड्यांनींच पाहिलेलें बरें. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या बाकीवर दरमहा शेंकडा साडेतीन हा व्याजाचा दर सर्रास आढळतो. समजा, २०,००० रुपये थकले. पहिल्या महिन्याचें व्याज ७०० रुपये, त्या व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर १२६ रुपये, मिळून ८२६. गृहस्थानें १,००० रुपये भरले आणि देणें फेडीत आहों या समाधानांत राहिला, तर मुद्दलांत फिटले ते केवळ १७४ रुपये! शिवाय बाकी थकलेली असतांना केलेल्या नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धांवूं लागतें. शेंकडा साडेतीन म्हणजे वर्षाचे शेंकडा ४२. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तो त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. तेथील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. थकलेलें व्याज मुद्दलापलीकडे वसूल करूं नये, असा दामदुपटीचा दंडकही आपल्याकडे जुना आहे. व्याजाचा पाश आपल्या समाजाला इतका परिचित असतांना, तोच पाश गुळगुळीत कार्डाच्या रूपानें आला म्हणजे सुशिक्षित माणसालाही ओळखूं येऊं नये, हें नवल आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, मग कार्ड कात्रीनें कापून टाकावें. तसें मुळींच नाहीं. रोकड विचार करावयास लावते, पण ती साक्ष देत नाहीं. महिनाअखेर पाकीट रिकामें झालें एवढेंच ती सांगते; कशानें झालें हें सांगत नाहीं. ज्या घरांत रोज रात्रीं जमाखर्च लिहिण्याची शिस्त होती, तेथें ही उणीव भरून निघे. आज ती शिस्त किती घरांत उरली आहे? कार्डाचें आणि खात्याचें टिपण मात्र दिवस, दुकान आणि रक्कम बिनचूक मांडतें. तें एकदां निवांतपणें वाचावें. बाहेरच्या खाण्यावर, न वापरलेल्या वर्गण्यांवर आणि घरपोंच मागविलेल्या किरकोळ वस्तूंवर किती पैसे गेले, हें पाहून पुष्कळ कुटुंबें चकित होतील. हरवलेली नोट तर गेली ती गेलीच. हरवलेलें कार्ड बँकेला कळवून बंद करतां येतें. ६ जुलै २०१७ रोजीं रिझर्व्ह बँकेनें काढलेल्या परिपत्रकाप्रमाणें, बँकेची किंवा आपली चूक नसतां तिऱ्हाइतानें खात्यांतून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण तक्रार केली, तर ग्राहकावर कांहींच तोशीस येत नाहीं. पण गुप्त संकेत आपणच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचें नुकसान आपलेंच. अशा वेळीं १९३० या क्रमांकावरही विनाविलंब कळवावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम, गुप्त संकेतावांचून, कार्ड नुसतें टेकवून देतां येते. ही सोय नको असेल तर बँकेला सांगून ती बंद करतां येते. अनेक वडीलधाऱ्यांच्या कार्डावर ती बंदच असलेली बरी.

आतां घरांतील एका नाजूक विषयाकडे वळूं. डाळीच्या डब्यांत, देवघराच्या कप्प्यांत किंवा साडीच्या घडींत गृहिणीनें साठविलेला पैसा हा आपल्या संसारांतील एक अलिखित खजिना असतो. मुलाची फी, माहेरचें आजारपण, अचानक आलेला पाहुणा, अशा अनेक प्रसंगीं त्यानें घराची लाज राखलेली आहे. त्याचें बळ यांत कीं, त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं. आणि त्याचें दौर्बल्य ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं उघडें पडलें. त्या रात्रीं ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द ठरल्या. चलनांतील नोटांच्या एकूण मूल्यापैकीं सुमारें शेंकडा ८६ भाग त्यांचा होता. वर्षानुवर्षें झांकून ठेवलेली शिल्लक घरच्यांसमोर मांडून बँकेंत न्यावी लागली. यावरून स्त्रियांनीं सारा पैसा कार्डावर आणावा, असें कोणी म्हणेल. पण कार्ड कोणाच्या खात्याचें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. पतीच्या कार्डाला जोडून मिळालेल्या दुसऱ्या कार्डावर पत्नीनें केलेला प्रत्येक खर्च पतीच्या बिलांत उमटतो. डब्यांतील पैशांना निदान एवढें स्वातंत्र्य होतें. तेव्हां डब्याला खरा पर्याय म्हणजे गृहिणीच्या स्वतःच्या नांवाचें खातें, तिचें स्वतःचें कार्ड आणि ज्यावर बँकेच्या सूचना येतात तो तिचा स्वतःचा मोबाइल. एवढें झालें तरी डब्यांत थोडी रोकड राहूं द्यावी. तिची गरज संपलेली नाहीं.

ती संपलेली नाहीं हें देशाच्या आंकड्यांवरूनही दिसतें. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभीं चलनांत सुमारें १८ लाख कोटी रुपये होते. यूपीआयचा एवढा प्रसार होऊनही मार्च २०२५ अखेर ती रक्कम दुपटीच्या घरांत गेली. परदेशाकडे पाहावें तर युरोपांत कागदी नोटा प्रथम स्वीडनमध्यें सन १६६१ त निघाल्या, आणि आज रोकड अगदीं कमी वापरणाऱ्या देशांत त्याच स्वीडनची गणना होते. पण तेथल्याच सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें संकटकाळाविषयीं घरोघर जी पुस्तिका वांटली, तींत घरीं थोडी रोख रक्कम बाळगण्याची सूचना आहे. २८ एप्रिल २०२५ रोजीं स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत वीज एकाएकीं गेली. ठिकठिकाणीं कार्डाचीं यंत्रें बंद पडलीं, आणि पाव किंवा मेणबत्ती विकत घेण्याच्या कामीं खिशांतल्या नोटाच उपयोगी आल्या. कार्डाला वीज लागते, तारेचें किंवा बिनतारी जाळें लागतें आणि मधली पेढी जागी असावी लागते. नोटेला देणारा आणि घेणारा पुरे होतात.

मग सुज्ञ कुटुंबानें काय करावें? खर्चाचा प्रकार पाहून साधन निवडावें, असें मी सुचवीन. जेथें रक्कम ठरलेली आहे आणि मोहाला जागा नाहीं, म्हणजे विजेचें बिल, शाळेची फी, विम्याचा हप्ता, तेथें पैसे खात्यांतूनच जाऊं द्यावे. तेथें विचाराची गरज नसते, पावतीची असते. मोठी वस्तु घेतांना कार्ड वापरावें. पुढें तक्रार करण्याची वेळ आली तर तें साक्षीला उभें राहतें. पण जेथें हात सैल सुटतो, म्हणजे भाजीबाजार, खाणेंपिणें, कपडेलत्ते आणि हौसमौज, तेथें आठवड्याची रक्कम रोख काढून वेगळ्या पाकिटांत ठेवावी. पाकीट संपलें कीं आठवडा संपला. क्रेडिट कार्ड त्या दिवशींच वापरावें, ज्या दिवशीं तेवढी रक्कम खात्यांत शिल्लक आहे. आणि बिल आलें कीं पुरतें भरावें. मुलांच्या हातीं प्रथम नाणीं द्यावीं. दहा रुपयांतून सात गेले म्हणजे तीन उरतात, हें हाताच्या तळव्यावर दिसतें तसें पडद्यावर दिसत नाहीं. आणि घरीं कामाला येणाऱ्या बाईंना पगार कसा द्यावा, हें आपल्या सोयीनें न ठरवितां त्यांना विचारून ठरवावें. कोणाला तो खात्यांत हवा असेल, कारण घरीं नेलेली रोकड हातीं राहत नाहीं. कोणाला रोख हवा असेल, कारण खातें दुसऱ्याच्या ताब्यांत आहे. कष्टाचा पैसा कष्ट करणाराच्या हातीं राहावा, हा यांतला खरा मुद्दा.

पैसा कोणत्या रूपानें द्यावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु घरांत पैशावर कोणाची नजर असावी, कोणाचा हक्क असावा आणि खर्च करण्यापूर्वीं कोणी क्षणभर थांबावें, या गोष्टी त्याच प्रश्नाच्या पोटांत आहेत. त्या ठरविण्याचें काम यंत्राकडे किंवा बँकेकडे न सोंपवितां घरांतल्या माणसांनीं एकत्र बसून करावें, एवढीच माझी विनंती आहे.