पडद्याची किल्ली कोणाच्या हाती?

घरबसल्या हजारो चित्रपट पाहता येत असताना चित्रपट महोत्सवांचे प्रयोजन काय, असा प्रश्न आज विचारला जातो. प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यात मालकीचा मुद्दा सोयिस्करपणे वगळलेला असतो.

दिबाकर बॅनर्जी यांचा 'तीस' पाहा. एका काश्मिरी मुस्लिम कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कथा नेटफ्लिक्स कंपनीसाठी चित्रित झाली. चित्रपट पूर्ण झाला. कंपनीने तो प्रदर्शित केला नाही. दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ या साऱ्यांचे श्रम कोठारात कुलूपबंद झाले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये धरमशालेच्या महोत्सवात तो प्रेक्षकांसमोर आला. ज्याच्या हाती कोठार, त्याच्याच हाती किल्ली, हा भांडवलाचा जुना नियम येथेही लागू आहे.

जो चित्रपट कोठारात शिरतो, त्याचे तरी काय होते? पूर्वी काय अधिक पाहिले गेले, याच्या हिशेबावर पुढे काय दाखवायचे ते बहुतांशी ठरते. नवख्या दिग्दर्शकाच्या कृतीला असा पूर्वेतिहास नसतो. ती तळाशी राहते. महोत्सवात मात्र माणसे ती पाहतात, वाद घालतात, समीक्षक लिहितात; निर्मात्याच्या अंगी सौदा करण्याचे बळ येते. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटात दोन पुरुषांमधील प्रेम आहे, तेही खेड्यातल्या सुतकाच्या दिवसांत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात तो परीक्षकांच्या सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि सप्टेंबरात भारतातील चित्रपटगृहांत लागला.

महोत्सव निर्मळ आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तेथेही प्रायोजक आहेत, प्रतिष्ठितांच्या राखीव खुर्च्या आहेत. तरीही १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. गरिबाचे जिणे पडद्यावर कसे आणावे, याचा धडा त्या सार्वजनिक दालनात गिरवला गेला.

म्हणून महोत्सव मोडीत काढणे हा उपाय नव्हे. तो शहराबाहेर नेणे हा उपाय आहे. तालुक्याचे वाचनालय, कामगार कल्याण केंद्र, महाविद्यालयाचे सभागृह येथे रीतसर परवानगीने महिन्याला एक चित्रपट दाखवणे आणि नंतर तासभर चर्चा करणे कार्यकर्त्यांना अशक्य नाही. प्रेक्षक संघटित झाला, तरच किल्लीवर त्याचा हक्क पोचेल.