भिंत जाड नको, बांधलेली हवी

१९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गाव झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला. मातीत रचलेल्या भिंतींचे दगड सुटले, जड माळवदे कोसळली. जवळपास १० हजार माणसे गेली.

परदेशात लाकडाच्या ढलप्या सिमेंटमध्ये कालवून पोकळ ठोकळे करतात. रचलेल्या ठोकळ्यांत उभ्या-आडव्या सळ्या घालून काँक्रीट ओतले की भिंत एकसंध होते.

ते ठोकळे आपल्याला मिळोत न मिळोत, मर्म तेच: भिंत जाडीने नव्हे, बांधणीने तग धरते. आपल्यापैकी अनेक हैदराबादकरांची लातूर-धाराशिवकडे वडिलोपार्जित घरे आहेत. तिथे माळवदावरची माती कमी करू. नवी भिंत बांधताना दारांच्या माथ्याशी काँक्रीटचा सलग पट्टा चहूबाजूंनी फिरवू. विघ्नहर्त्याला हात जोडू आणि गवंड्यालाही बजावू.